राखाडी टिकली

“आता भिंतीकडे पाह्य.”

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर हे दिवसभर म्हणत. मुलांनी आधी खिडकीच्या हिरव्या झडपेकडे टक लावायची, मग पांढऱ्या भिंतीकडे पाहायचे. भिंतीवर फिकट लाल चौकोन तरंगू लागला की वर्गात “अबे!” व्हायचे.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवी. अमरावतीच्या उन्हाने डोळे थकतात, दुसरे काही नाही, असे मी मास्तरांना सांगितले.

“थकतातच सर. पण थकलेला डोया बी हिरव्याचा जोडीदार बराबर शोधते.”

घरातल्या, ओळखीतल्या माणसांचे चेहरे रंगवायचे, मात्र कातडीचा रंग वापरायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे आजोबा जांभळे, मावश्या निळ्या. कुणीतरी मलाही नारिंगी केले. “सर, तुमी रागात असेच दिसता,” असा खुलासा मिळाला.

नलू आमच्याच गल्लीतली. वडील वारलेले; आईचे कपाळ तेव्हापासून मोकळे. पालकांच्या दिवशी व्हरांड्यात नलूने काढलेला आईचा चेहरा लागला. गर्द हिरवा, आणि कपाळावर लालसर टिकली. नलूची आजी पायरीवरच थबकली.

“काहून हो मास्तर, माह्या सुनेच्या कपाळाले कुंकू? गावाले हसवून राहिले काय? फाडतोच मी ते!”

नलू रडकुंडीला आली. मास्तर शांत होते. “आजी, जवळ येऊन पाहा. लाल सापडला तर खुशाल फाडा.”

आजी गेली. चष्मा सावरत मीही गेलो. टिकली राखाडी होती, चुलीतल्या राखेसारखी. लालाचा थेंब नव्हता. मागे सरकलो, तर पुन्हा लाल!

“हिरव्यात राख लाल दिसते,” नलू पुटपुटली. “मास्तरांनीच सांगतलं. म्या लाल लावलाच नाही, आजी.”

तरीही आजीने कागदाला हात घातला आणि वळून पाहिले. नलूची आई खांबाशी उभी होती. आम्ही सगळे जवळ जाऊन खात्री करत होतो. ती मात्र जवळ आली नाही. दुरूनच पाहत राहिली.

आजीचा हात खाली आला. “राहू द्या मास्तर,” ती म्हणाली.

मास्तर पुढे अकोल्याला गेले, तिथेच वारले. त्यांच्या वर्गात आता माझा तास असतो. उदाहरण घातले की मुलांच्या माना खाली जातात. तेव्हा मी हिरव्या झडपेकडे पाहत बसतो, मग भिंतीकडे. लाल चौकोन येतो, जरा हलतो, चुन्यात विरून जातो.