भरतीची वेळ

हे घरी कुणालाच माहीत नाही. आईला तर नाहीच. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिताना स्वतःचा इतका संताप येतोय की — असो. सांगतो.

कोपरीच्या शाळेत मी सातवीचा मॉनिटर होतो. भूगोलाचा कार्यक्रम लागायच्या आधी टीव्हीच्या लाकडी पेटीचं दार उघडायचं काम माझं. त्या पेटीतून येईल ते खरं, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही — खरंच वाटायचं का?

त्या दिवशी पाठ भरती-ओहोटीचा होता. दर बारा तासांनी भरती येते, असं टीव्हीवरच्या बाई म्हणाल्या. मग सरांनी विचारलं, आज सकाळी सहाला भरती आली, तर उद्या किती वाजता? अख्खा वर्ग ओरडला, सहाला!

काशी उभी राहिली. माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी.

"नाय सर. पानी रोज पाऊण तास मागं पडतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते."

"अगं, मग तूच बस की त्या पेटीत!" सर म्हणाले.

वर्ग हसला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला इचारा. त्याचा बापूस पन असाच होडी काढतो."

सरांनी मला विचारलं. मला येत होतं हो ते! चौथीपासून मी बाबांना तिथीवरून वेळ काढून देत होतो. पण बापूस, होडी — सगळ्या वर्गासमोर! मला तिचाच राग आला. मी म्हणालो, "टीव्हीवर सांगितलं तेच बरोबर, सर. ही काहीपण बोलते."

सरांनी तिला तास संपेपर्यंत बंद टीव्हीकडे तोंड करून उभं केलं. पोरं तिला "ए पाऊणपट" म्हणून चिडवायला लागली. मॉनिटर असून मी थांबवलं नाही. एकदा तर — मीही म्हणालो. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. मावशी आईला सांगत होती, "पोरगी म्हनते, माजं डोकंच चालत नाय." मी तिथेच बसलो होतो. जेवत होतो.

सरांचा राग येतो, अजून येतो. पण सरांना खाडी माहीत नव्हती. मला माहीत होती.

आता मी कॉलेजात आहे, आमच्या घरातला पहिलाच. विषय भूगोल. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा का येते, यावर मी पानभर लिहिलं. प्राध्यापकांनी शाबासकी दिली. ती मी घेतली.

परवा बाजारात काशीने कोलंबीचे वाटे लावता लावता विचारलं, "काय शिकतोस रं तिथं?"

मी म्हणालो, कॉमर्स.