अण्णांची पायरी

काल ऑफिसातून तणतणत येताना किराणा दुकानाशी तुरीच्या पोत्यांचा वास आला आणि उदगीरच्या आमच्या घराची पायरी आठवली.

अण्णा, माझे वडील, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीचा व्यापार करायचे. एकदा मी डबा द्यायला गेले, तर ते कुणावर तरी असे गरजत होते, की मी डबा ठेवून पळालेच. संध्याकाळी मात्र ते रोजच्यासारखे हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून बाहेरच पायरीवर बसले.

"आत या की, अण्णा."

"थांब बाई. मोंढा अजून उतरला न्हाई अंगातून."

बऱ्याच वेळानं आत येऊन हळूच म्हणाले, "जेवलीस का गं?"

काल घराच्या दारापाशी लेकीचं हसणं ऐकू आलं. बेलवरचा हात मागे घेऊन मी जिन्यात बसले. राग उतरता उतरेना. एवढं अवघड काम अण्णा रोज करायचे, आणि आम्हाला वाटायचं, वारा खात बसलेत.