नावाशिवाय मडकं नको

मालन सिस्टर गेल्या, हे मला मोबाइलवर कळलं. त्यांचा पुतण्या नितीन नागावात होमस्टे चालवतो. त्याने स्टेटसला आत्याचा फोटो टाकला होता, खाली जोडलेले हात. पुढच्याच स्टेटसला 'शनिवार-रविवार दोन रूम शिल्लक', आणि त्यानंतर सुरमईची थाळी. सव्वा महिना झाला, तो राग माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

सिस्टर आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या, मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका देवदर्शनाला निघाल्या. सिस्टर निघाल्या म्युझियमं बघायला. रेवसहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, मुंबईतलं एक संग्रहालय बघायचं आणि संध्याकाळी परत. इंग्रजी पाट्या वाचून दाखवायला सोबत मी. तलवारी पाहिल्या, जुनी नाणी पाहिली, पेंढा भरलेले पक्षी, नखाएवढ्या हस्तिदंती मूर्ती... मी आ वासून बघायचो आणि सिस्टर पाट्या ऐकून चिडायच्या. तलवारीला राजाचं नाव, शालीला ती दान देणाऱ्या शेटजींचं नाव. एकदा काचेमागे अगदी आमच्याकडच्यासारखं मडकं दिसलं, बुडाला काजळी धरलेलं. पाटी होती, 'मातीचे भांडे, कोकण किनारा'. रागावल्या की सिस्टरांची गावची बोली बाहेर यायची. पहारेकऱ्याला म्हणाल्या, "काय रे दादा, कोकण किनारा जेवण रांधीत होता काय? रांधणारीला नाव न्हाय?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, काचेला हात नका लावू."

परतीच्या लाँचवर त्या म्हणाल्या, "सर, आपण आपलं म्युझियम करू. पण नाव नसेल तर मडकंसुद्धा घ्यायचं नाय."

आणि केलं, स्वतःच्या घराच्या पडवीत. ज्या घरांत त्यांनी बाळंतपणं केली त्या घरांनी जातं दिलं, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं दिलं, मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी दिली. सिस्टरांना नाही कोण म्हणणार? सिस्टर वस्तूची हकीकत विचारून घ्यायच्या आणि मी ती सुवाच्य अक्षरात कार्डावर उतरवायचो. एक कार्ड मला पाठ आहे: 'रोवळी. सखू पांडू म्हात्रे. सासू गेल्यावर हिने यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने मूठभर जास्त तांदूळ धुतले.' गावचे पुढारी म्हणाले, एखादी तलवार ठेवा, लोक येतील. सिस्टर म्हणाल्या, "तलवारवाल्याला जेवायला कोण घालत होतं तिचं नाव आणा, मग ठेवते." ते पुढारी पुन्हा फिरकले नाहीत.

तेरावा झाला आणि पडवी रिकामी. मी तडक होमस्टेवर गेलो. रोवळी उलटी करून तिचा दिवा केलेला, इरलं सेल्फीच्या भिंतीवर, जात्यावर शोभेची कुंडी. आणि सगळ्यांवर मिळून एकच पाटी, 'ओल्ड कोकण'. कार्डं? नितीन म्हणाला, "सर, मळकी दिसत होती, जाळली. पण वस्तू तर जपल्या ना मी?" या शहाण्याला काय सांगावं! मुंबईच्या त्या काचेला निदान हकीकत ठाऊक नव्हती. याच्या घरात ती लिहून ठेवलेली होती आणि याने तिला काडी लावली.

घरी येऊन कार्डं पुन्हा लिहायला बसलो, आणि मग राग माझ्यावरच उलटला. चार-पाच सोडली तर मला आठवेनात. अक्षराचं कौतुक व्हायचं, मी वेलांट्या घोटत बसलो आणि नावं सिस्टरांच्या डोक्यात ठेवून मोकळा झालो. लाज वाटली...

दुसऱ्या दिवशी परत गेलो. होमस्टेच्या काउंटरजवळ खुंटीला बाळांचं वजन करायचा सिस्टरांचा काटा लटकत होता. त्याच्या कापडी झोळीत रूमच्या चाव्या. या काट्याला कार्ड कधीच नव्हतं. स्वतःचं नाव लावायचं बाईंना सुचलंच नाही. मी चाव्या काउंटरवर ओतल्या, बुकिंगच्या वहीचं पान फाडलं आणि त्यांनीच मला सांगितलेलं उभ्याउभ्या लिहून काट्याखाली लावलं: 'वजनाचा काटा. मालन सिस्टर. यात गावातली मुलं तोलली. भावाचा मुलगा नितीन, दोन किलो, जन्मल्यावर रडत नव्हता. आत्याने पाठ चोळून चोळून रडवला.'

"सर, गेस्ट वाचतील!"

"वाचू देत की."

त्याने ते पान काढलं. पुढच्या शनिवारी मी दुसरं लावलं, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरं. काल तो हळूच म्हणाला, "आत्याचं नाव राहू दे सर, फक्त माझं ते रडायचं खोडा."

खोडणार नाही. तो रडला म्हणून आज हॉटेल चालवतोय, आणि त्याला रडवलं कोणी, ते त्या काट्याखाली नावानिशी लिहिलेलं राहील.