आठ बाइट, एका उचलीत

मिस्बाह मोमीन हट्टी आहे, हे माधवनगरात कुणालाही विचारा. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसली, तर तो परत गायला लागेपर्यंत ताटावर आली नाही. तिची आई जीनत हे आजही सांगते आणि सांगताना कपाळावर हात मारते. कपाळावर हात मारायचा आणि मनातल्या मनात फुगायचं, ही आयांची रीतच आहे. तर त्या हट्टी पोरीनं तिच्या बापाच्या माथ्यावरचा बट्टा कसा पुसला, ते ऐका.

बाप म्हणजे अजमल मोमीन. मिसरूड फुटलं तेव्हापासून माणूस यंत्रमागावर उभा. मालक आप्पासोंच्या शेडमध्ये सोळा माग, त्यातले दाराजवळचे चार अजमलचे. भांडण नाही, तंटा नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पोरीनं मागावर उभं राहू नये एवढी एकच इच्छा, म्हणून तिला सांगलीला कॉम्प्युटर शिकायला घातली. आणि पोरगी शिकून गेली कुठं? फिरून मागापाशीच! मागांवर लक्ष ठेवणारी यंत्रं बनवणाऱ्या लालासाहेबांच्या वर्कशॉपात तिला नोकरी लागली.

हे लालासाहेब उंब्रजचे. फौजेत सिग्नलला सुभेदार होते. निवृत्त झाल्यावर गावाकडं ऊस लावून गप्प बसायचं सोडून सांगलीत वर्कशॉप काढलं आणि पहिलेवहिले प्रोग्रॅम स्वतःच लिहिले. फौजेत अख्खा संसार एका पत्र्याच्या पेटीत बसवावा लागतो. ती सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. प्रोग्रॅमनं घेतलेल्या मेमरीत एक बाइट जरी रिकामा दिसला, तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मिस्बाहला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, पेटी भरायची ती आशी, की झाकान लावताना गुडघा द्याला लागला पायजे!"

आप्पासोंच्या शेडमध्ये याच वर्कशॉपचं यंत्र होतं. मागानं आडवा धागा टाकला की प्रोग्रॅमचा एक भाग ती वेळ लिहून ठेवायचा. दुसरा भाग सारखा ती वेळ वाचत बसायचा. अर्धा तास धागाच पडला नाही असं दिसलं, की हा दुसरा भाग माग बंद करायचा आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल अक्षरात झळकवायचा: कामगार जागेवर नाही. पुढं नाव.

वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं. मग जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून आप्पासोंनी नवा कोरा आणला, आणि तिथून भुताटकी सुरू झाली. चालता माग मधेच थांबायचा आणि त्याच्यासमोर घाम पुसत उभा असलेला माणूस स्क्रीनवर गैरहजर व्हायचा! आज याचा माग, परवा त्याचा. कामगार हसून हसून बेजार, आणि आप्पासो संतापून लाल.

मिस्बाहनं दुखणं शोधलं. मागाची खबर आणणारं कार्ड एका बुडालेल्या कंपनीचं होतं. त्याच्यापायी सगळा प्रोग्रॅम जुन्या बत्तीस बिटी पद्धतीचाच ठेवावा लागायचा. अशा प्रोग्रॅमचा हात लहान, एका वेळी चारच बाइट उचलणारा. आणि मागाची वेळ तर आठ बाइटांची. म्हणजे लिहितानाही दोन खेपा आणि वाचतानाही दोन खेपा. आता समजा, पाटीवर १९९९ पुसून कुणी २००० लिहितोय. शेवटची दोन शून्यं लिहून झाली, पुढचे १९ पुसायचे राहिलेत, आणि नेमकं तेवढ्यात तुम्ही वाचलं. काय वाचाल? १९००! मागाच्या वेळेचं तेच व्हायचं. वरच्या चार बाइटांचा आकडा साधारण सव्वा तासानं एकदा बदलायचा, आणि त्या निमिषात वाचणारा आला तर त्याला वेळ सव्वा तास मागची दिसायची. जुन्या कॉम्प्युटरात काम करणारा गडी, म्हणजे प्रोसेसर, एकच होता, एकाचं झालं की दुसऱ्याचं. नव्यात चार गडी एकदम राबायचे, त्यामुळं लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांच्या पायात यायला लागले.

लिहिणं पुरं होईपर्यंत वाचणाऱ्यानं थांबायचं आणि वाचणं होईपर्यंत लिहिणाऱ्यानं, असं कुलूप तिनं घालून पाहिलं. पण लिहिणारा थांबला की मागाचे धागे नोंदायचे राहून जायचे. आगीतून फुफाट्यात! मग तिनं प्रोसेसरच्या माहितीची पुस्तिका उघडली आणि त्यात तिला मोठं घबाड सापडलं. आजच्या प्रोसेसरच्या पोटात एक रुंद हात असतो. प्रोग्रॅम बत्तीस बिटी असला तरी तो हात वापरता येतो आणि आठही बाइट एका उचलीत घेता-ठेवता येतात. मधे कुणाला घुसायला फटच नाही. या सोयीला पुस्तिकेत पुढं एक अट होती. ती मिस्बाहनं वाचली आणि "आपलं बसतंय की त्यात" म्हणून पान उलटलं. हट्टी माणसाला घाई फार.

नवा प्रोग्रॅम बसवला आणि शेड शांत झाली. म्हणजे पंधरा माग शांत झाले. अकरा नंबरचा मात्र आठवड्यातून एक-दोनदा थांबायचाच. आणि अकरा नंबर होता अजमलचा.

आता आली का पंचाईत! सगळ्यांचे माग थांबत होते तोवर दोष यंत्राचा होता. सगळे सुधारले आणि एकच राहिला, म्हटल्यावर दोष माणसाचा. त्यात तो माग दाराजवळचा, बाहेर सटकायला सोपा. तानाजी नावाचा एक तोंडाळ गडी आतल्या मागांवर होता, तो म्हणायचा, "अजमलभाई, तमाकू खायाला किती लांब जाता वो? कराडला?" शेवटी आप्पासोंनी सांगून टाकलं, की सोमवारपासून अजमलनं माग सोडायचा आणि झाडलोट, चिंध्या बघायच्या. ज्या माणसाच्या हाताखाली अर्धी शेड शिकली, त्यानं आता त्यांच्या पायाखालचा कचरा लोटायचा.

हे कानावर घेऊन मिस्बाह संध्याकाळी घरी आली तर अजमल भिंतीला टेकून बसलेले. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही जागेवर होता ना?"

"व्हतो आसं वाटतंय खरं," अजमल म्हणाले. "पन तुजं यंत्र खोटं कसं बोलंल, बेटा? सगळ्यांचं बराबर दावतंय. मीच कुटंतरी जात आसंन, वय झालं. आता तर मी शेडमदी पानीबी पीत न्हाई. उटायाच नगं म्हनून."

 एवढे दिवस शेडमध्ये पाण्याचा घोट न घेता हा माणूस उभा होता, तिच्या यंत्रावर विश्वास ठेवून! आणि त्याहून वाईट म्हणजे, दाराशी चप्पल काढताना तिच्याही मनात क्षणभर येऊन गेलं होतं, की खरंच जात असतील का कुठं? तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी ती त्या उलटलेल्या पानावर परत गेली. अट सरळ होती. प्रोसेसर मेमरी ओळींनी हाताळतो, एका ओळीत चौसष्ट बाइट. आठ बाइटांचा आकडा एकाच ओळीत असेल तरच एका उचलीची हमी. दोन ओळींत फाटला असेल तर रुंद हातही दोन खेपा करणार. तिनं चौकटींचा कागद घेतला आणि सोळा मागांच्या नोंदी ओळीनं मांडल्या. लालासाहेबांनी नोंदी एकाला एक चिकटवून भरल्या होत्या, प्रत्येकी वीस बाइट, मधे सुई शिरेल एवढी जागा नाही. पंधरा मागांची वेळ आपापल्या ओळीत बसत होती. एकाच मागाची वेळ ओळीच्या काठावर आली होती, चार बाइट अलीकडं, चार पलीकडं. नंबर अकरा!

"या अल्ला!" मिस्बाह एवढ्या जोरात ओरडली, की लालासाहेब चष्मा सावरत बाहेर आले.

तिनं कागद दाखवला. दर नोंदीत चार बाइट रिकामे सोडून ती आठाच्या पटीत, चोवीसची करायची आणि पहिली नोंद ओळीच्या तोंडाशी ठेवायची, की कुठलीच वेळ फाटायची नाही. एवढाच उपाय.

"चार बाइटं रिकामी?" लालासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "माज्या परोग्रॅमात?" मग कागदाकडं बघता बघता ते खुर्चीत बसले.  "पेटी घट्ट भरावी, ही खरं," ते म्हणाले. "पन बंदुकीचं दोन तुकडं करून दोन पेट्यांत कुनी भरत न्हाई. म्या भरली गं. चल, आत्ताच्या आत्ता माधवनगरला. पन दुरुस्ती मागनं कर. आदी त्या शेडला दाव, अजमल खरा हाय म्हनून."

शेडमध्ये पोचल्यावर मिस्बाहनं दोन कामं केली. सव्वा तासानं येणारा तो बदलायचा क्षण मिनिटात कैक वेळा येईल असं यंत्राचं घड्याळ लावलं. आणि अकराव्या मागाची नोंद उचलून तानाजीच्या मागाच्या जागी घातली, तानाजीची अकराव्याला, म्हणजे आता ओळीच्या काठावर तानाजीच्या मागाची वेळ. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "तानाजीदादा, मागावर हात ठेवून उभे राहा. हलू नका."

"ह्यो बगा ठिवला!" तानाजी छाती काढून उभा राहिला. आप्पासो बाजूला, लालासाहेब हाताची घडी घालून. माग धडधडत होता. बघता बघता खाड्कन थांबला, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: कामगार जागेवर नाही. तानाजी.

शेडमध्ये असा हशा पिकला की चालू मागांचा आवाज बुडाला. "आवं, मी हितंच हाय की!" तानाजी ओरडला. "मालक, तुमीच बगताय न्हवं? हात बी काडला न्हाई म्या!"

"अजमलनंबी न्हवता काडला, गड्या," लालासाहेब म्हणाले. 

पुन्हा माग चालू केला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदाही तेच. अकरा नंबर मात्र तेवढा वेळ खडखडत राहिला, एकदाही न अडखळता. मग मिस्बाहनं चार-चार बाइट रिकामे सोडलेला नवा प्रोग्रॅम चढवला आणि घड्याळ तसंच राहू दिलं. दुपार गेली, दिवस कलला, सोळाच्या सोळा माग चालू. स्क्रीनवर लाल अक्षर औषधालाही नाही.

आप्पासो अजमलसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी हात जोडले. "चुकलं माजं, अजमल. लय मोटी चूक झाली. सोमवारी तू तुज्याच मागावर हाईस. आन नवी पोरं येत्यात, ती तुज्याच हाताखाली घालनार." सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती तानाजीनं, हेही सांगायला हवं.

बापलेक चालत घरी निघाले.  वाटेत अजमलनी हळूच विचारलं, "बेटा, खरं सांग. तुला माज्यावर संशय आला व्हता का?"

मिस्बाहला खोटं बोलता आलं असतं. "आला होता, अब्बा," ती म्हणाली. "एकदा. दारात चप्पल काढताना." आणि तिचे डोळे भरून आले.

अजमल थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला एकदाच आला," ते म्हणाले. "मला तर रोज येत व्हता, माजाच. आज गेला बग."