कवचातच बुडालेली

नवऱ्याला सोडून ती स्वतःच्या पायांनी माहेरी आली, तेव्हा तिच्या वाट्याला मागची खोली आली. मोडके पंखे, जुन्या गाद्या आणि धड न उघडणारी, धड न लागणारी एक खिडकी. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "चार दिवस राहा, डोकं शांत कर आणि आपल्या घरी जा." त्या चार दिवसांची वर्षं झाली.

नुसतं बसून खाणं तिला जमेना. तिने अंडी उबवायचं एक जुनं मशीन आणलं. सुरुवातीला हात चांगलेच पोळले. हवा कोरडी राहिली की कवचाच्या आतला पापुद्रा कागदासारखा वाळायचा आणि पिल्लू त्यात जखडून मरायचं. हळूहळू तिला मेख कळली. पाण्याचा ट्रे कधी भरायचा, झडप कधी उघडायची, टॉर्चवर अंडं धरून आतला हवेचा कप्पा केवढा झालाय ते कसं बघायचं. अंड्यातलं थोडं पाणी उडून जावंच लागतं, तेव्हा कुठे पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा होते.

शेजारपाजारचे लोक आपल्या कोंबड्यांची अंडी आणून द्यायला लागले. मुलं तिला 'पिल्लूमावशी' म्हणायची. अमक्याची बायको म्हणून नव्हे, तर तिच्या कामावरून तिला कोणी ओळखावं असं पहिल्यांदाच घडत होतं.

आणि मग पिल्लं मरायला लागली. अंगावर लव आलेली, चोचीपर्यंत तयार, पण कवचावर टोच मारल्याची खूणही नाही. फोडलं की आतून पाणी ओघळायचं. ओलावा वाढतोय हे तिला मीटरवर दिसत होतं. कुठून, ते उमगेना. तिने मीटर बदलला, ट्रे लहान केला, खिडकीच्या फटी बुजवल्या. आई दारात उभी राहून म्हणायची, "काही हातांना यश नसतंच बाई. सोड हा नाद." ऐकून ऐकून तिलाही ते पटायला लागलं होतं.

अशातच ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवलेला माणूस. बायको गेल्यावर तिच्या कोंबड्यांवरच त्यांचा जीव होता आणि त्या कोंबड्या कुत्र्यांनी भरदुपारी फाडल्या. खुराड्यात उरलेली अंडी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"काका, हल्ली माझं काही खरं नाही. दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे कोण आहे पोरी? हिने वाढवलेल्या कोंबड्यांचं एवढंच उरलंय. तूच कर."

तिने अंडी ठेवली आणि मशीनवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली होती. त्या दिवशी ती भाजीला निघाली आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आई मशीनवर वाकून तांब्याने पाणी ओतत होती. ट्रेमध्ये नाही, तळाशी अंथरलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट उचलून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"आई?"

आई दचकलीसुद्धा नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "कधीतरी कळणारच होतं."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझा जम बसायला लागला तेव्हापासून. इथे बस्तान बसलं असतं तर परत गेली असतीस तू? तुझ्या भल्यासाठीच केलं. मी गेल्यावर भावाच्या दारात कोण विचारणार आहे तुला?"

"आणि काकांची अंडी?"

"अंडीच तर आहेत."

तिने गोणपाट ओढून फेकलं, झडपा उघडल्या. पण वेळ निघून गेली होती. एकाच अंड्याला भोक पडलं. त्यातून चोचीचं टोक दिसलं, दोन बुडबुडे आले आणि चोच तशीच राहिली. बाकीची आतल्या आत बुडाली.

"घरातलं बाहेर नेऊ नकोस," आईने बजावलं. तिने नेलं नाही. टॉवेल घेऊन काकांच्या दारात गेली आणि म्हणाली, "माझ्याकडून पाणी जास्त झालं."

काकांनी आपला टॉवेल परत घेतला. "तू आधीच सांगितलं होतंस," एवढंच म्हणाले आणि दार लावलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या.

तिने सायकलच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि मशीन तिकडे हलवलं. तिथे पिल्लं धडधाकट निघायला लागली, पण अंडी घेऊन फारसं कोणी येईना. काका कोणापाशी अवाक्षरही बोलले नव्हते. आईच गावभर सांगत सुटली होती, "तिच्या हाताला यश नाही, मी आधीच म्हटलं होतं."

पुढे आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. भावाला रजा मिळेना, मग दवाखान्यात तीच राहिली. भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं, सगळं तीच करायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईने चौकशी केली तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "लेक माझी. नवऱ्याने टाकली हो, पण मी नाही टाकली."

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने फडकं पिळलं आणि आईची मान पुसायला घेतली.