मॅडमनी न केलेली सही

मॅडम स्वतः गजरा माळत नसत आणि प्रयोगशाळेत कुणाला माळूही देत नसत. महाडच्या एमआयडीसीतल्या त्या खासगी प्रयोगशाळेत मी नवी लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला अत्तर धुवायला नळावर पाठवलं होतं. पाण्यातून उडून जाणारी रसायनं ओळखणारं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. नमुना तापवायचा, त्याची वाफ केसासारख्या बारीक नळीतून सोडायची. एकेक घटक सुटा होतो आणि त्याच्या तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटते.

"आधी आपल्यावर संशय घ्यावा गो," असं त्या म्हणत. काही सापडलं की आधी यंत्रातून नुसतं शुद्ध पाणी चालवून बघत. एकदा सगळ्याच नमुन्यांत ॲसिटोन दिसलं, तर ते ऑफिसातल्या मुलीच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं निघालं. मॅडम त्या दिवशी पोटभर हसल्या. मूळच्या डोंगरातल्या कुडपण गावच्या; अशा हसल्या की शाळकरी पोरच वाटायच्या.

एमआयडीसीच्या खालच्या गावचे सरपंच विहिरीचं पाणी घेऊन आले, तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. स्वतः गावात जाऊन त्यांनी काचेच्या बाटल्या काठोकाठ भरून आणल्या. पुन्हा पुन्हा तपासलं, दर वेळी टोल्युइन, रंगाच्या थिनरमधलं विषारी रसायन. ते वापरणारा विहिरीशेजारचा कारखाना आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. प्रयोगशाळेच्या मालकांनी गोडीत सांगितलं, "आढळले नाही" असं लिहा.

"साहेब, आढळलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तसल्या अहवालावर सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली.

मग त्यांनी देवळासमोर गाव जमवून खरं काय ते सांगितलं. दोन दिवस आरडाओरड झाली, कारखान्याने पाण्याचा टँकर सुरू केला आणि गाव गप्प झालं. सरपंच येऊन हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पण आमची पोरं तिथंच कामाला हायत. आता काय बोलू नका." मालकांनी त्याच आठवड्यात मॅडमना कामावरून काढलं. निरोपाला सरपंचांच्या गावातून कुणी आलं नाही, आमच्यातूनही फार कुणी नाही.

पावसाळ्यात विहिरी भरल्या म्हणून टँकर बंद झाला. पाण्याला पुन्हा वास यायला लागला. सरपंच आमच्या दारात उभे राहिले, म्हणाले, मॅडमना तेवढं बोलवा, त्या सांगतील. मी बाहेर जाऊन फोन लावला. मॅडम आता गुजरातेत असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी त्या गावात कुणाला ओळखत नाय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत येऊन मी सरपंचांना सांगितलं, मॅडमचा नंबर बदललाय.