कुंकवानं अडलेली मोटार

"ही डबडी आज भंगारात गेली नाहीत, तर मी या घरात जेवणार नाही!" थोरले दादा ओरडत होते. सोलापूरच्या भवानी पेठेतले हातमाग घाबरून गप्प झाले.

डबडी म्हणजे माझ्या शर्यतीच्या मोटारी. पत्र्याच्या, किल्लीच्या, मुंबईहून एकेक आणून फळीवर मांडलेल्या. खंडेनवमी होती, म्हणून प्रत्येकीला मी मूठमूठ हळदकुंकू वाहिलं आणि जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं, लाल मोटार सोडली की विजापुरातच थांबते. ती तसूभर हलली नाही. पाहुणे पोट धरून हसले, दादांची मान खाली गेली, म्हणून हा आरडाओरडा.

तेवढ्यात दारातला एक अनोळखी माणूस आत आला. त्याच्या डोक्यावर एवढं तेल, की पेठेतले दिवे दिवाळीपर्यंत जळावेत. त्यानं मोटार कानाशी धरली, किल्लीच्या भोकात करंगळी फिरवली. करंगळी लालभडक!

"पूजा झाक केली की! पर कुंकू कपाळाला लावत्यात, पोटात न्हाय."

त्यानं जोरात फुंकर मारली, केसांतून बोट फिरवलं आणि तेलाचा थेंब आत सोडला. किल्ली दिली. मोटार सुसाट सुटली, थेट दादांच्या अंगठ्यावर आदळली. दादा कळवळले, मग हसायलाच लागले. "राहू दे फळी," म्हणाले.

एवढा उपकार माझ्यावर अख्ख्या सोलापुरात कुणी केला नाही. मी त्याला मिठी मारली. "हवी ती मोटार घ्या. लालसुद्धा!"

"मोटार नगं," तो म्हणाला. "पाणी द्या. त्याच्यासाठीच मगापासनं दारात हुबा हाय."